सुक्याबरोबर ओलं : एडिसन ते विल्मिंग्टन

पहिला दिवस : एडिसन, न्यूअर्क, सेलम

दादा १९८४ साली न्यू जर्सीत आला आणि तिथलाच झाला. रात्री जेवताना टीव्हीवर निवडणुकीची जाहिरात लागली, की तो हातातला घास खाली ठेवून आधी आवाज बंद करतो. पडद्यावर विरोधी उमेदवाराचा चेहरा मुद्दाम काळवंडलेला असतो, मागे ढग दाटलेले, आणि खाली अक्षरं येत असतात की हा माणूस तुमच्या मुलाबाळांच्या जिवावर उठला आहे. "आम्ही आलो तेव्हा हे असलं नव्हतं गं," हे दादाचं ठरलेलं वाक्य. मला ते पटत नव्हतं. मी पुण्यात एकतीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं, त्यातली पहिली दहा खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवणाऱ्या छापखान्यात. छापील शिवी किती जुनी असू शकते, हे मी माझ्या डोळ्यांखालून घातलेलं आहे. शेवटी वहिनीच म्हणाली, "रोज तोच वाद. गाडी काढा आणि त्या जुन्या भांडणांच्या जागा दोघं बघून या." मे महिना होता, मला परतायला तीन आठवडे होते. वहिनीने दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली, आणि आम्ही निघालो.

पहिला थांबा जवळच, न्यूअर्कला. बघण्यासारखं काही नव्हतं; मला फक्त त्या गावातून जायचं होतं. जुलै १७९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स इथून गेले, तेव्हा सलामीच्या तोफा उडाल्या. ल्यूथर बाल्डविन नावाचा एक माणूस दारूच्या गुत्त्याकडे निघाला होता. कुणीतरी म्हणालं, तोफा अध्यक्षांच्या पार्श्वभागावर डागताहेत. बाल्डविन म्हणाला, आरपार गेल्या तरी माझी हरकत नाही. गुत्तेवाल्याने हे ऐकलं आणि बाल्डविनवर खटला झाला. त्याला १५० डॉलर दंड झाला आणि तो भरेपर्यंत कैद. त्याच महिन्यात राजद्रोहाचा कायदा मंजूर झाला होता : सरकार, काँग्रेस (म्हणजे तिथली संसद) किंवा अध्यक्षांची बदनामी छापली वा बोलली तर २००० डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत तुरुंग. उपाध्यक्षाला मात्र त्या कायद्याचं संरक्षण नव्हतं, कारण उपाध्यक्ष होते विरोधी गटाचे जेफरसन. राजद्रोह म्हटलं की आपल्याला टिळकांवरचे १८९७ आणि १९०८ चे खटले आठवतात, पण तिथे राज्य परक्याचं होतं. इथे स्वातंत्र्य जाहीर करून बावीस वर्षं झाली होती, आणि कायदा करणारे त्याच स्वातंत्र्यासाठी झटलेले लोक होते.

दादा गाडी चालवत गप्प होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "भांडण ॲडम्स आणि जेफरसनचं, आणि आत गेला कोण?" हा प्रश्न मी वहीत लिहून घेतला. पुढचे सगळे दिवस तोच आमच्याबरोबर गाडीत होता. आपल्याकडे म्हणतात ना, सुक्याबरोबर ओलंही जळतं.

दुसरा दिवस : सेलम

सेलमच्या पोलिसांच्या गाडीवर झाडूवर बसलेल्या चेटकिणीचं चित्र आहे. दुकानांत टोप्या, झाडू, काळी मांजरं. मला ते सहन झालं नाही, आम्ही सरळ चार्टर स्ट्रीटवरच्या स्मारकाकडे गेलो.

जुन्या दफनभूमीला लागून ग्रॅनाइटची बुटकी भिंत आहे. भिंतीतून वीस दगडी बाकं पुढे आलेली, प्रत्येकावर एक नाव आणि १६९२ मधली एक तारीख. एकोणीस जणांना फाशी दिली, आणि जाईल्स कोरी या म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. आत शिरताना उंबऱ्याच्या दगडांवर त्यांचीच कोर्टातली वाक्यं कोरली आहेत, मी निर्दोष आहे, अशा अर्थाची. ती वाक्यं भिंतीपाशी पोचतात आणि मध्येच भिंतीखाली जातात. वाक्य अर्धं तुटलं की माझा हात आजही आपोआप समासात खूण करायला जातो. इथे मी नुसती उभी राहिले.

सेलम गाव तेव्हा दोन तटांत फाटलेलं होतं. एकीकडे पटनम घराणं, दुसरीकडे पोर्टर घराणं, मधे धर्मोपदेशक सॅम्युएल पॅरिस. त्याचा पगार आणि जळणाची लाकडं कुणी द्यायची यावरून वर्षानुवर्षांची तेढ. तक्रारी नोंदवणाऱ्यांत पटनम मंडळी पुढे होती. पण फेब्रुवारीच्या अखेरीस पहिल्यांदा धरल्या गेल्या त्या तिघी कोण? टिटुबा ही गुलाम बाई, सारा गुड ही भीक मागून पोट भरणारी, आणि सारा ऑस्बोर्न ही आजारी, जी मे महिन्यात तुरुंगातच गेली. दोन्ही घराण्यांशी बरोबरीने भांडावं अशी एकही नव्हती. वर चढत चढत आरोप रिबेका नर्सपर्यंत गेला. वय ७१, चर्चमध्ये मानाची जागा. ज्यूरीने तिला आधी निर्दोष ठरवलं, कोर्टात आरडाओरडा झाला, न्यायाधीशांनी पुन्हा विचार करायला सांगितलं, आणि निकाल फिरला.

सारा गुडच्या बाकावर कुणीतरी ताजी फुलं ठेवली होती. १९ जुलै ही तिच्या फाशीची तारीख. तिचं तान्हं बाळ त्याआधी तुरुंगात गेलं होतं. तिची मुलगी डोरोथी चार-पाच वर्षांची होती, तिलाही चेटकीण ठरवून साखळ्या घातल्या. जवळजवळ नऊ महिने ती कोठडीत होती. १७१० मध्ये तिच्या बापाने नुकसानभरपाईसाठी अर्ज केला, त्यात लिहिलं आहे की कोठडीत साखळीला बांधल्यामुळे पोर इतकी भेदरली, की तेव्हापासून तिला स्वतःला सांभाळण्याइतकीही बुद्धी राहिलेली नाही. डोरोथीला फाशी झाली नाही, म्हणून तिच्या नावाचं बाक नाही.

दादा त्या भिंतीशेजारी बराच वेळ बसला होता. मला म्हणाला, "आपल्याकडे नंदुरबारला बायकांना डाकीण ठरवतात, ते वाचून मी म्हणायचो, कुठल्या काळात जगतात हे लोक." मी काही बोलले नाही. आपला जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे आणि डॉक्टर दाभोलकरांचा जीव गेल्यावर तो आला, हे त्यालाही ठाऊक आहे.

एका गोष्टीने मला धीर दिला. न्यायाधीशांपैकी सॅम्युएल स्यूअल १६९७ च्या जानेवारीत बॉस्टनच्या चर्चमध्ये भर सभेत उभा राहिला आणि त्याचा कबुलीजबाब धर्मोपदेशकाने वाचून दाखवला : दोष माझा आहे, त्याची लाज मी माझ्या माथी घेतो. मुख्य न्यायाधीश स्टॉटन याने असं कधीच केलं नाही. साक्ष देणाऱ्या मुलींपैकी ॲन पटनमने १७०६ मध्ये माफी मागितली. आणि एलिझाबेथ जॉन्सन या शेवटच्या दोषी स्त्रीचं नाव मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने २०२२ मध्ये कागदोपत्री साफ केलं. त्यासाठी मागे लागली होती आठवीतली मुलं.

संध्याकाळी प्रॉक्टर्स लेजला गेलो. फाशीची नेमकी जागा हीच, हे २०१६ मध्ये पक्कं ठरलं. घरांच्या मागच्या बाजूला, औषधाच्या दुकानाजवळ, एक छोटा उतार. शेजारच्या अंगणात कुणीतरी गवत कापत होतं.

तिसरा दिवस : समरव्हिल आणि बॉस्टन

आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हणजे शाळा. तेव्हाच्या चार्ल्सटाउनच्या, म्हणजे आताच्या समरव्हिलमधल्या, माउंट बेनेडिक्ट टेकडीवर होती तीही शाळाच होती. उर्सुलाइन नन्स मुलींना शिकवत, आणि गंमत नव्हे तर खरी गोष्ट अशी की बहुतेक मुली प्रॉटेस्टंट, बॉस्टनच्या सुखवस्तू घरांतल्या. पण शहरात आयरिश मजूर वाढत होते, आणि व्यासपीठावरून सांगितलं जात होतं की कॅथलिक म्हणजे पोपचे हस्तक, त्यांच्या मठांत तळघरं असतात, तिथे मुली कोंडतात. एक नन तब्येत बिघडल्यामुळे काही काळ बाहेर पडून परत आली होती. तिला कोंडून ठेवलंय अशी आवई उठली. १० ऑगस्ट १८३४ ला लायमन बीचर या नामवंत धर्मोपदेशकाने बॉस्टनमध्ये कॅथलिकांविरुद्ध प्रवचनं दिली. ११ तारखेला गावच्या कारभाऱ्यांनी स्वतः जाऊन इमारत पाहिली, सगळं ठीक आहे असा अहवाल लिहिला, आणि तो दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात यायचा होता. तो छापून येईपर्यंत कॉन्व्हेंट जळून गेलं होतं. रात्री जमाव आला, नन्स आणि चाळीसहून अधिक मुली मागच्या बाजूने अंधारात पळाल्या. जमावाने दफनाची जागाही उकरली.

खरं छापून यायला एक रात्र उशीर झाला. मी आयुष्यभर अशा घाईत काम केलं आहे, त्यामुळे हा तपशील मला फार लागला.

आता तिथे टेकडीही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती खोदून सपाट केली, वर घरं उठली. ब्रॉडवे रस्त्यावर एक दगडी खूण आहे, लोक बसची वाट पाहत तिच्याजवळ उभे असतात. कॉन्व्हेंटच्या काही विटा मात्र बॉस्टनच्या कॅथीड्रल ऑफ द होली क्रॉसमध्ये प्रवेशाच्या कमानीत बसवल्या आहेत. दुपारी आम्ही तिथे गेलो. दादाने हात लावून पाहिलं.

चौथा दिवस : वीहॉकेन

दिवसभर गाडीतच. फिलाडेल्फियाच्या वाटेवर वीहॉकेनला थांबलो. समोर हडसन आणि पलीकडे अख्खं मॅनहॅटन. देशाचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याचा अर्धपुतळा, आणि गोळी लागल्यावर त्याने ज्यावर डोकं टेकलं असं सांगतात तो दगड. ११ जुलै १८०४. एका पत्रात छापून आलं होतं की हॅमिल्टनने उपाध्यक्ष बर यांच्याविषयी 'याहूनही तिरस्करणीय' मत व्यक्त केलं. बर यांनी त्या एका विशेषणाचा जाब मागितला, हॅमिल्टन शब्दाच्या अर्थावर वाद घालत राहिला, आणि शेवट इथल्या द्वंद्वात झाला. तीन वर्षं आधी हॅमिल्टनचा एकोणीस वर्षांचा मुलगा फिलिप, बापाची निंदा करणाऱ्या वकिलाला जाब विचारायला गेला आणि इथून जवळच द्वंद्वात मेला. त्याच्या बहिणीचं, अँजेलिकाचं, मन त्यानंतर ढळलं ते आयुष्यभर.

पाचवा दिवस : फिलाडेल्फिया

मार्केट स्ट्रीटवर फ्रँकलिन कोर्टमध्ये जुन्या पद्धतीचा छापखाना चालवून दाखवतात. लाकडी दाबयंत्र, शाईचे चामडी गोळे, खिळ्यांच्या पेट्या. रेंजरने कागद ओढून काढला तेव्हा तो ओल्या शाईचा वास आला आणि मी पंचवीस वर्षांची झाले.

याच जागी फ्रँकलिनचा नातू बेंजामिन फ्रँकलिन बाख 'ऑरोरा' हे पत्र छापायचा. विचाराने जेफरसनच्या बाजूचा. डिसेंबर १७९६ मध्ये, वॉशिंग्टन पायउतार होत असताना, त्याने लिहिलं : एखाद्या माणसाने एखादं राष्ट्र भ्रष्ट केलं असेल, तर वॉशिंग्टनने अमेरिकन राष्ट्र भ्रष्ट केलं आहे. हे वॉशिंग्टनबद्दल! दादाला मी ते वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "पुन्हा वाच." विरोधी गटही कमी नव्हता. बाख म्हणजे फ्रान्सचा हस्तक, असं ते छापत. त्याला मारहाण झाली, घरावर जमाव आला, जून १७९८ मध्ये अटक झाली, आणि खटला उभा राहण्याआधीच सप्टेंबरात, २९ व्या वर्षी, पिवळ्या तापाने तो गेला. बायको मार्गारेट, पदरात लहान मुलं, त्यात एक तान्हं. साथ ओसरल्यावर नोव्हेंबरमध्ये पत्र पुन्हा निघू लागलं, ते तिच्यामुळे. छापखान्यात बायकांनी केलेल्या कामाची नावं छापली जात नाहीत, हे मी पाहिलं आहे. तिचं नाव इथे लिहिताना मला बरं वाटतंय.

पुढची निवडणूक १८०० ची. जेफरसन निवडून आला तर बायबल जाळतील, असं न्यू इंग्लंडमध्ये सांगितलं गेलं. जेफरसनच्या पैशावर लिहिणाऱ्या जेम्स कॅलेंडरने ॲडम्सना ना पुरुष ना स्त्री अशा शब्दांत हिणवलं आणि नऊ महिने तुरुंगात गेला. सुटल्यावर मनासारखी नोकरी मिळाली नाही म्हणून तो जेफरसनवरच उलटला, आणि १८०२ मध्ये रिचमंडच्या पत्रात सॅली हेमिंग्जविषयी लिहिलं. सॅली ही जेफरसनची गुलाम आणि त्याच्या मुलांची आई. बातमी खोटी नव्हती. पण कॅलेंडरला तिच्या गुलामीचं काही दुःख नव्हतं. तिच्या रंगावरून आणि शरीरावरून जे घाण शब्द त्याने छापले, ते जेफरसनला मारण्यासाठी. जेफरसन १८०४ मध्ये पुन्हा निवडून आला. सॅलीला उत्तर द्यायला वर्तमानपत्र नव्हतं.

रात्री हॉटेलात दादाच्या टॅबलेटवर १८२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीतलं पत्रक पाहिलं. जॉन बिन्स या इथल्याच संपादकाचं. माथ्यावर सहा काळ्या शवपेट्या, प्रत्येकीवर एक नाव : उमेदवार अँड्र्यू जॅक्सनने गोळ्या घालून मारायला लावलेले सहा सैनिक. खाली आणखी पेट्या, आणि त्याच्या 'रक्तरंजित कृत्यांची' हकिगत. शोकसंदेशाला आम्ही जाड काळी चौकट लावायचो. इथे सगळं पान त्या शाईने भरलेलं. जॅक्सनवर मला माया नाही. चेरोकी लोकांना घराबाहेर काढणाऱ्या कायद्यावर सही करणारा तोच. पण त्या निवडणुकीत त्याच्या बायकोला, रेचेलला, व्यभिचारिणी म्हणून छापलं गेलं, कारण पहिल्या नवऱ्याशी घटस्फोट कायद्याने पुरा होण्याआधी त्यांचं लग्न लागलं होतं. सिनसिनाटीच्या एका संपादकाने विचारलं की अशी बाई आणि तिचा यार या ख्रिस्ती देशाच्या सर्वोच्च जागी बसवायचे का. जॅक्सनच्या बाजूने उलट छापलं की जॉन ॲडम्सचा मुलगा, तेव्हाचा अध्यक्ष आणि जॅक्सनचा प्रतिस्पर्धी, रशियात राजदूत असताना त्याने झारला एक अमेरिकन मुलगी पुरवली. ती मुलगी त्यांच्या घरातली दाई होती. तिचं काय झालं असेल, हे कुणी विचारलं नाही.

जॅक्सन जिंकला. २२ डिसेंबर १८२८ ला रेचेल गेली आणि ख्रिसमसच्या आदल्या दिवशी तिला घरच्या बागेत पुरलं. थडग्यावर लिहिलं आहे की निंदा तिला घायाळ करू शकली, पण तिची अप्रतिष्ठा करू शकली नाही. जॅक्सन मरेपर्यंत म्हणत राहिला की माझ्या शत्रूंनी तिला मारलं. दादाने टॅबलेट बंद केला. त्याला उद्या लवकर निघायचं होतं, पण बराच वेळ त्याचा दिवा चालू होता.

निघण्यापूर्वी, सकाळी, फोर्थ स्ट्रीटवरच्या सेंट ऑगस्टीन चर्चपाशी पाच मिनिटं थांबलो. कॅथलिक मुलांना शाळेत त्यांचं स्वतःचं बायबल वाचू द्या, एवढीच बिशपची विनंती होती. ती 'बायबल शाळेतून हाकलणार' अशी फिरवली गेली. ८ मे १८४४ ला हे चर्च जाळलं, बरोबर हजारो पुस्तकांचं ग्रंथालयही. आताची इमारत नंतरची आहे.

सहावा दिवस : वॉशिंग्टन, कॅपिटॉल

जुनी सेनेट सभागृहाची खोली अर्धवर्तुळाकार आहे, लाल पडदे, अध्यक्षांच्या आसनावर सोनेरी गरुड. इतकी लहान की भांडण करणाऱ्यांना एकमेकांचा श्वास ऐकू आला असेल.

इथे २२ मे १८५६ ला सेनेटर चार्ल्स समनर गुलामगिरीविरुद्धच्या आपल्याच भाषणाच्या छापील प्रती टपालात टाकण्यासाठी सह्या करत बसला होता. दक्षिण कॅरोलायनाचा प्रतिनिधी प्रेस्टन ब्रुक्स आला. प्रेक्षागृहातल्या बायका बाहेर पडेपर्यंत तो थांबला होता. म्हणाला, मी तुमचं भाषण दोनदा नीट वाचलं, ते माझ्या राज्याची आणि माझ्या नातलगाची बदनामी आहे. आणि सोन्याच्या मुठीची काठी डोक्यात घालू लागला. समनरचे पाय मेजाखाली अडकलेले, मेज जमिनीला स्क्रूने जखडलेलं. त्याने ते उखडून उठण्याचा प्रयत्न केला. काठी तुटेपर्यंत ब्रुक्स मारत होता. समनर तीन वर्षांहून अधिक काळ सभागृहात नियमित परतू शकला नाही. ब्रुक्सला ३०० डॉलर दंड झाला. हकालपट्टीला लागणारी दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत. त्याने राजीनामा दिला आणि मतदारांनी त्याला परत निवडून पाठवलं. दक्षिणेतून लोकांनी त्याला नव्या काठ्या भेट पाठवल्या.

या खोलीत उभं राहून दादाशी माझं खरं भांडण झालं. तो म्हणाला, "दोघेही सारखेच." समनरने त्या भाषणात सेनेटर बटलरला, म्हणजे ब्रुक्सच्या त्या नातलगाला, म्हटलं होतं की गुलामगिरी ही वेश्या त्याची लाडकी आहे, आणि आजारपणामुळे त्याच्या बोलण्यात जो दोष होता त्याचीही टर उडवली होती, तेही बटलर सभागृहात नसताना. ते मला नीच वाटतं. पण गुलामगिरीला पाप म्हणणं ही शिवी कशी? चाळीस लाखांच्या आसपास माणसं तेव्हा विकत घेतली आणि विकली जात होती. जे आहे त्याला त्याच्या नावाने हाक मारणं वेगळं, आणि माणसाच्या तोंडाच्या दोषावर हसणं वेगळं. एकाच भाषणात दोन्ही असू शकतं, म्हणून एकाच तराजूत टाकायचं का? दादा म्हणाला, "ऐकणाऱ्याला त्यातलं हसणंच लक्षात राहतं." हे मात्र मला खोडता आलं नाही.

दोनच रात्रींनी, दूर कॅन्ससमध्ये, जॉन ब्राऊन आणि त्याच्या मुलांनी गुलामगिरीच्या बाजूच्या पाच वसाहतवाल्यांना झोपेतून उठवून बाहेर काढलं आणि तलवारींनी तोडलं. त्या पाचांपैकी कुणाच्याही मालकीचा एकही गुलाम नव्हता.

सातवा दिवस : वॉशिंग्टन, रसेल इमारत

सेनेटरांच्या कचेऱ्या असलेली ही इमारत. सुरक्षा तपासणीतून आत गेलो. संगमरवरी मार्गिका, उंच दारं. ज्या मोठ्या दालनात १९५४ ची आर्मी-मॅकार्थी सुनावणी झाली त्याचं दार बंद होतं. आम्ही बाहेरच उभे राहिलो.

जोसेफ मॅकार्थीने ९ फेब्रुवारी १९५० ला वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावी परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट भरलेत असं भाषण केलं, आणि यादीचा आकडा तो दर वेळी बदलत गेला. त्याच्याच पक्षाची मार्गारेट चेस स्मिथ, सेनेटमधली तेव्हाची एकमेव स्त्री, १ जून १९५० ला उठून म्हणाली की भीती, अज्ञान, द्वेष आणि बदनामी या चार घोड्यांवर बसून माझा पक्ष विजयी झालेला मला नको. सहा जणांनी तिच्या निवेदनावर सही केली. बाकीचे गप्प बसले, चार वर्षं.

९ जून १९५४ ला सैन्याचे वकील जोसेफ वेल्च यांना घेरण्यासाठी मॅकार्थीने त्यांच्या कचेरीतल्या फ्रेड फिशर या तरुण वकिलाचं नाव टीव्हीसमोर घेतलं, जो त्या खटल्यात नव्हताच. वेल्च म्हणाले, तुमचा क्रूरपणा मी आजवर ओळखला नव्हता, आणि विचारलं : शेवटी तुम्हाला काही चाड उरली आहे की नाही? हे सगळ्यांना माहीत असतं. त्यानंतर दहा दिवसांनी, याच इमारतीत, वायोमिंगचे सेनेटर लेस्टर हंट यांनी आपल्या कचेरीत स्वतःवर गोळी झाडली, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यांच्या मुलाला आदल्या वर्षी समलैंगिकतेच्या आरोपावरून अटक झाली होती. तेव्हा कम्युनिस्ट आणि समलैंगिक एकाच यादीत धरले जात आणि सरकारी नोकऱ्यांतून काढले जात. मॅकार्थीच्या गोटातल्या दोन सेनेटरांनी हंट यांना सांगितलं होतं की पुन्हा निवडणूक लढवू नका, नाहीतर मुलाचं प्रकरण घराघरांत पोचवू. सेनेटमध्ये एकेका जागेची किंमत होती. मुलाने कुणाचं काय केलं होतं?

२ डिसेंबर १९५४ ला मॅकार्थीवर ६७ विरुद्ध २२ मतांनी ठपका ठेवला गेला. दादा त्या बंद दारापाशी म्हणाला, "म्हणजे मी आलो त्याच्या तीसच वर्षं आधी." तेव्हापासून 'आम्ही आलो तेव्हा' हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नाही.

आठवा दिवस : रस्त्यात

सहा-सात तास गाडी. रिचमंडला जेम्स नदी ओलांडली. १८०३ मध्ये कॅलेंडर याच नदीत बुडून मेला. दशम्या संपल्या होत्या. नॉर्थ कॅरोलायनात शिरल्यावर पाईनची झाडं संपेनात.

नववा दिवस : विल्मिंग्टन

इथे मी छापखान्यासाठी आले होते.

१८९८ मध्ये विल्मिंग्टन हे राज्यातलं सर्वांत मोठं शहर होतं आणि निम्म्याहून अधिक लोक काळे. पॉप्युलिस्ट आणि रिपब्लिकन एकत्र येऊन राज्यात सत्तेवर होते, गोरे शेतकरी आणि काळे मतदार एका बाजूला. डेमोक्रॅटिक पक्षाला सत्ता परत हवी होती. त्यांचं हत्यार होतं रॉली शहरातलं 'न्यूज अँड ऑब्झर्व्हर' हे पत्र, संपादक जोसेफस डॅनियल्स. २७ सप्टेंबरच्या अंकातलं व्यंगचित्र मी पाहिलं आहे : राज्यावर झेपावणारं रक्तपिपासू पिशाच, चेहरा काळ्या माणसाचा, पंखांवर 'निग्रो राज्य' अशी अक्षरं, नखांखाली गोरी माणसं. चित्रकार वाईट नव्हता, रेषा चांगली आहे. ते कागदावर उमटवणाऱ्या हातांनाही ते नीटच उमटवायचं होतं.

शहरात काळ्या लोकांचं स्वतःचं दैनिक होतं, 'डेली रेकॉर्ड', संपादक ॲलेक्झांडर मॅनली. जॉर्जियाच्या रिबेका फेल्टन यांनी गोऱ्या स्त्रियांच्या रक्षणासाठी गरज पडली तर आठवड्याला हजार काळ्या पुरुषांना झाडाला लटकवा असं भाषण केलं होतं. त्याला मॅनलीने ऑगस्टमध्ये उत्तर छापलं की काळे पुरुष आणि गोऱ्या स्त्रिया यांचे अनेक संबंध दोघांच्या राजीखुशीचे असतात. गोऱ्यांच्या पत्रांनी तो अग्रलेख निवडणुकीपर्यंत पुन्हा पुन्हा छापला. ८ नोव्हेंबरला निवडणूक डेमोक्रॅट जिंकले. तरी १० तारखेला सकाळी आल्फ्रेड वॉडेल या गोऱ्यांच्या पुढाऱ्यामागे सशस्त्र जमाव सेव्हन्थ स्ट्रीटवरच्या छापखान्यावर गेला, यंत्र फोडलं, इमारत पेटवली. मॅनली आधीच निसटला होता. जळक्या इमारतीसमोर बंदुका घेऊन ती माणसं छायाचित्रासाठी उभी राहिली. मग शहरात गोळीबार सुरू झाला. नगरपालिकेला बंदुकीच्या धाकाने राजीनामे द्यायला लावले आणि त्याच संध्याकाळी वॉडेल महापौर झाला. किती मेले याचा मेळ आजही बसत नाही. कुणी चौदा म्हणतं, कुणी साठ, कुणी त्याहून कितीतरी जास्त. बायका-मुलं थंडीत दलदलीत आणि पाईन फॉरेस्ट दफनभूमीत लपून राहिली. दोन वर्षांत काळ्यांचा मताधिकार कायद्याने काढून घेतला.

सेव्हन्थ स्ट्रीटवर ती जागा शोधली. शेजारचं चर्च अजून आहे. मी गवतात खाली वाकून पाहत होते, दादाने विचारलं काय शोधतेस. खिळे, म्हटलं. शिसं जळत नाही, वितळतं आणि जमिनीत थिजून राहतं.

'रेकॉर्ड'चे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच अंक उरले आहेत. मॅनली पुढे फिलाडेल्फियात राहिला, रंगकाम करून पोट भरलं, पुन्हा दैनिक काढलं नाही. 'न्यूज अँड ऑब्झर्व्हर'ने २००६ मध्ये विशेष पुरवणी काढून आपला वाटा मान्य केला. नॉर्थ थर्ड स्ट्रीटवर २००८ चं स्मारक आहे, सहा उंच काशाची वल्ही आकाशाकडे उभी. तिथे वारा होता, आणि शाळेची मुलं डबे खात बसली होती.

शेवटी पाईन फॉरेस्टला गेलो. जोशुआ हॉल्सी या माणसाची खूण नसलेली कबर संशोधकांनी शोधून काढली आणि २०२१ मध्ये तिच्यावर दगड बसवला. तो त्या दिवशी घरी झोपलेला होता. मुलीने धावत येऊन उठवलं, तो मागच्या दाराने बाहेर पळाला. थांब म्हणून ओरडले, तो थांबला नाही, म्हणून गोळ्या घातल्या. हॉल्सी बहिरा होता.

पिशाच म्हणून जे जे महिनोन्‌महिने सभांत ओरडलं गेलं, त्यातलं काहीच त्याने ऐकलं नव्हतं. शेवटचा हुकूमही नाही.

दादाने वाकून दगडावरची पाईनची वाळकी पानं बाजूला सारली आणि नाव मोठ्याने वाचलं, एकदा, मग पुन्हा एकदा.